गिटारचं वजन बेसमध्ये असतं: मेटल आणि इलेक्ट्रॉनिक एकाच ट्रॅकमध्ये बसवताना

कुठल्याही चांगल्या मेटल गाण्याचं सेशन उघडा आणि फक्त बेस म्यूट करून बघा. क्षणापूर्वी भिंतीसारख्या उभ्या असलेल्या गिटारी डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारख्या ऐकू येतात. ज्याला आपण जाड गिटार म्हणत होतो, तिचा बराचसा जाडपणा बेसचा होता.

नवशिका नेमका इथेच फसतो. गिटार सोलोवर (म्हणजे एकटीच) ऐकतो, ती बारीक वाटते, म्हणून १०० हर्ट्झपाशी ४-५ डीबी चढवतो. मग बेस दबतो, म्हणून बेसचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर. मग किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) हरवते, म्हणून किक वर. शेवटी मास्टरचा लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारा) सगळ्यांना एकत्र चेपतो. नुसत्या मेटलमध्ये हे कसंबसं निभावून जातं. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग आला, म्हणजे सब सिंथ (अगदी तळाचा सूर देणारा), लांब शेपटीची किक, रुंद सॉ पॅड (सिंथचे लांब धरलेले सूर), की निभावत नाही. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत आणि इथे तर चार आहेत. तेव्हा आधी वाटणी करायची, ईक्यूला (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात नंतर.

हातात धरायला एक ठरावीक उदाहरण घेऊ. ड्रॉप सी ट्यूनिंग (सर्वांत जाड तार सीपर्यंत उतरवलेली), टेम्पो १४० बीपीएम, डावी-उजवी अशा दोन गिटारी, सी ट्यून केलेला बेस, साइन वेव्हचा सब, सुपरसॉ पॅड आणि दोन प्रकारच्या किक.

खाली नक्की कोण राहणार

गिटारची सर्वांत जाड तार सी२, म्हणजे ६५.४ हर्ट्झ. बेस त्याच्या एक सप्तक खाली, ३२.७ हर्ट्झवर. रिफ साधारण सी ते जी फिरते असं धरलं तर बेसचे मूळ सूर ३२.७ ते ४९ हर्ट्झ या अरुंद पट्टीत येतात.

आता बेस गिटारचा ३२.७ चा मूळ सूर कागदावर असतो तितका तारेवर नसतो. पिकअपमधून जोरात येतो तो दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीचा), ६५ च्या आसपासचा. मूळ सूर प्रत्येक नोटला वेगळ्या ताकदीचा येतो, कधी भक्कम, कधी जेमतेम. उलट सिंथची साइन वेव्ह सी असो वा जी, तेवढ्याच उंचीची येते. शिवाय छोट्या-मध्यम हॉलमधले बरेचसे सबवूफर ३५-४० हर्ट्झखाली थकतात. म्हणून आमची वाटणी अशी: मूळ सूर सबचा, आणि दुसऱ्या हार्मोनिकपासून वरचं सगळं बेस गिटारचं. बेस गिटारला ५५ हर्ट्झवर २४ डीबी प्रति सप्तक हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर). साइन वेव्हला वर काही नसतंच, म्हणून तिला लो-पास (वरचं कापणारा फिल्टर) लागत नाही. सबवूफरने ३३ हर्ट्झ सोडून दिले तरी ६५ चा बेस जागेवर असतो आणि गाणं लंगडत नाही.

ही वाटणी मोडते ती सबला ‘जरा उबदार’ करण्याच्या मोहात. साइनवर सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) लावलं की तिलाही दुसरा-तिसरा हार्मोनिक फुटतो आणि तो बरोबर बेसच्या जागेत जाऊन बसतो. सब फोनवर ऐकू येत नाही ही तक्रार सबवर सोडवायची नाही. फोनवर बेस ऐकवण्याचं काम बेस गिटारच्या ७०० ते १२०० हर्ट्झच्या खरखरीचं आहे.

व्हर्समध्ये (कडव्यात) सब नसेल तर तिथे बेस गिटारला तळ परत द्यावा लागतो. हाय-पासची फ्रीक्वेन्सी ऑटोमेशनने सरकवू नका. फिल्टर सरकताना फेजही (लाट आपल्या आवर्तनात कुठे आहे ती जागा) सरकते आणि नोट चालू असेल तर टचकन आवाज येतो. त्यापेक्षा बेसचे दोन ट्रॅक करा, एक सबबरोबरचा, एक सबविनाचा, आणि क्लिप त्या-त्या ट्रॅकवर ठेवा. जोड नोटच्या मध्ये नको, शांततेत हवा.

आणि सिंथचा ऑसिलेटर रीट्रिगर करून ठेवा, म्हणजे प्रत्येक नोट एकाच फेजपासून सुरू होईल. फ्री-रनिंग ठेवला तर तीच रिफ, तीच नोट, पण एका बारला किकबरोबर मिळून दणदणीत आणि पुढच्या बारला पोकळ, असा प्रकार होतो. आणि मग लोक तासभर कंप्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन) फिरवत बसतात.

गिटारमध्ये ३३ हर्ट्झ कुठून येतात?

गिटारला आपण ९० हर्ट्झवर हाय-पास लावणार आहोत. ‘गिटारची खालची तारच ६५ ची, मग ९० वर हाय-पास कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर डिस्टॉर्शनमध्ये आहे. पॉवर कॉर्डमध्ये सी २ (६५.४) आणि जी २ (९८) एकत्र वाजतात. डिस्टॉर्शन दोन सुरांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करतं. ९८ वजा ६५.४, म्हणजे ३२.६. जो सूर गिटारवर कोणी वाजवलाच नाही तो थेट सबच्या डोक्यावर येऊन बसतो, तोही डावी-उजवीकडे वेगवेगळ्या फेजमध्ये. प्रत्यक्ष कॅबिनेट किंवा चांगला आयआर (कॅबिनेटच्या आवाजाचा नमुना असलेली फाइल) यातलं पुष्कळ गाळतो, पण सगळं नाही. गिटार बसवर (दोन्ही गिटारी एकत्र येतात त्या चॅनेलवर) ९० हर्ट्झला १८ किंवा २४ डीबीचा हाय-पास लावला की प्रश्न मिटतो. ड्रॉप सीमध्ये १२० च्या वर मात्र चढू नका. तिथून पुढे पाम म्यूटचा (तळहाताने दाबून वाजवलेल्या तारेचा) धप्पा जायला लागतो.

बेसचे दोन तुकडे

बेसचा डीआय (अँपविना थेट घेतलेला सिग्नल) एकच, ट्रॅक दोन. खालचा ट्रॅक २५० हर्ट्झला लो-पास, वरचा २५० ला हाय-पास, दोन्हीकडे लिंकविट्झ-रायली २४ डीबी. हा प्रकार मुद्दाम सांगतोय, कारण त्याचे दोन भाग क्रॉसओव्हरवर एकाच फेजमध्ये येतात आणि बेरीज सपाट राहते. १२ डीबीचे साधे फिल्टर लावले तर दोन्ही भाग २५० वर एकमेकांच्या बरोबर उलट येतात आणि तिथे खड्डा पडतो. मग एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवावी लागते.

खालच्या ट्रॅकवर कंप्रेसर कडक हवा. रेशो ८:१ किंवा थेट लिमिटर, गेन रिडक्शन ६ ते १० डीबी. सोलोवर हे निर्जीव वाटतं आणि तसंच वाटायला हवं. इथे प्रत्येक नोट सारख्या उंचीची असणं एवढंच काम आहे. भावना वगैरे वरच्या ट्रॅकवर.

वरच्या ट्रॅकवर आधी हाय-पास, मग डिस्टॉर्शन. क्रम उलटा केला तर जाड खालचा सूर डिस्टॉर्शनला ढकलत राहतो, त्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर वरची खरखर आत-बाहेर होते आणि बेस फाटक्या स्पीकरसारखा भडभडतो. सॅन्सअँप किंवा डार्कग्लास धाटणीचं कुठलंही पेडल किंवा प्लगइन चालेल. त्यानंतर बेस कॅबचा आयआर, किंवा नुसता ५-६ किलोहर्ट्झला लो-पास. डिस्टॉर्शनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा पर्याय असेल तर ४ पट चालू ठेवा. नाहीतर सुरात नसलेली एक बारीक चरचर मिसळते आणि ती ईक्यूने निघत नाही.

आता गडबडीची जागा. वरच्या ट्रॅकवरचं अँप प्लगइन किंवा आयआर आपला उशीर सॉफ्टवेअरला नीट कळवत नसेल, किंवा आयआर फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता असेल, तर वरचा ट्रॅक मागे पडतो. ४८ किलोहर्ट्झवर ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. २५० हर्ट्झचं एक आवर्तन ४ मिलिसेकंदांचं. म्हणजे १ मिलिसेकंदाला पाव आवर्तन, २ मिलिसेकंदांना अर्धं, आणि अर्ध्याला २५० हर्ट्झ जवळजवळ नाहीसे. बेसचा ‘लाकडी’ भाग गेला, नुसता गडगडाट आणि खरखर उरली, मधलं काहीच नाही असं वाटलं, तर पहिला संशय यावर घ्यावा.

तपासायची रीत: डिस्टॉर्शन तात्पुरतं अगदी कमी करा, वरच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटवा आणि सॅम्पल डिले सरकवत राहा. २५० च्या आसपास आवाज सर्वांत पोकळ होतो ती जागा बरोबर. तिथे थांबून पोलॅरिटी परत सरळ करा. कानाला ‘सर्वांत भरीव’ शोधण्यापेक्षा ‘सर्वांत पोकळ’ शोधणं सोपं जातं.

तंबोऱ्याचा धडा

मिक्समधल्या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत उशिरा सापडते, म्हणून थोडं सविस्तर.

तंबोरा जुळवणाऱ्याला हे सांगायला नको. जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की आवाज हळूहळू फुगतो आणि ओसरतो, आणि तारा जुळत जातात तसा तो हेलकावा लांबत जातो. बेस आणि गिटारमध्ये हेच होतं, फक्त डिस्टॉर्शनच्या गोंगाटात ते हेलकावा म्हणून ओळखू येत नाही. ‘कॉर्ड सुरू होताना भारी वाटते, मग मरते’ एवढंच जाणवतं.

आकडे घालून बघू. १३०.८ हर्ट्झवर गिटारचा दुसरा हार्मोनिक आणि बेसचा चौथा, दोन्ही एकत्र येतात. दोन्ही तिथे जोरात असतात आणि गिटारच्या हाय-पासच्या वर असल्यामुळे कापलेही जात नाहीत. बेस गिटारपेक्षा ५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असेल तर फरक ०.३८ हर्ट्झचा, म्हणजे एक पूर्ण हेलकावा साधारण २.६ सेकंदांचा. दोन्ही जोरात सुरू झाले तर बरोबर १.३ सेकंदांनी एकमेकांना खातात. १४० बीपीएमला ४ मात्रांचा बार १.७ सेकंदांचा असतो. म्हणजे बारभर धरलेली कॉर्ड पहिल्या मात्रेला भक्कम आणि चौथ्या मात्रेपर्यंत पोकळ. फरक १० सेंट असेल तर त्याच बारमध्ये ती मरून परत जिवंत होते. हे ५ सेंट स्वस्त क्लिप-ट्यूनरवर धड दिसतही नाहीत.

सिंथ आला की चूक अधिकच उघडी पडते. सिंथ काटेकोर सुरात असतो आणि तो कोणासाठी खाली-वर होत नाही.

उपाय मिक्सचा नाही, तारेचा आहे. बेसची १०५ ची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) ई तार सीपर्यंत उतरवली की ढिली पडते. ढिली तार पिकने जोरात छेडली की पहिल्या क्षणी सूर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. बेसला १२० ते १३० ची तार हवी. पाच तारांचा बेस हाताशी असेल तर त्याची बी तार अर्धा सूर चढवून सी करणं हा सर्वांत सोपा मार्ग. गिटारला साडेपंचवीस इंची स्केलवर ५६ च्या आसपासची तार बरी पडते. ट्यूनिंग करताना तार हळुवार छेडून काटा मध्ये आणू नका. रिफमध्ये जितक्या जोरात मारणार तितक्याच जोरात मारून बघा. चग (तुटक पाम म्यूटच्या) रिफसाठी आघाताच्या क्षणी काटा शून्यावर हवा. लांब धरलेल्या कॉर्डसाठी स्थिरावल्यावर हवा. दोन्ही एकाच ट्यूनिंगमध्ये साधत नाहीत, म्हणून चग आणि लांब कॉर्ड वेगवेगळ्या वेळी, वेगळं ट्यून करून रेकॉर्ड करतात. कंटाळवाणं आहे, पण यातून जे मिळतं ते कुठल्याच प्लगइनमधून मिळत नाही.

गिटारी

इथे लिहिण्यासारखं सर्वांनी लिहून झालंय, म्हणून भराभर.

डावी आणि उजवी गिटार दोन वेगवेगळ्या टेकची हवी, दोन्ही टोकांना १०० टक्के पॅन. एकच टेक कॉपी करून २० मिलिसेकंद सरकवणं म्हणजे फसवणूक. मोनोमध्ये ऐकलं की कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मधोमध. तो गेनसाठी नसतो. अँपमध्ये शिरण्याआधी खालचा भाग कमी करून ७०० हर्ट्झच्या आसपासचा पुढे आणायला असतो, त्यामुळे पाम म्यूट आखडून येतो. अँपचा गेन तुम्हाला सोलोवर हवासा वाटतो त्यापेक्षा कमी. दोन टेक एकमेकांवर चढले की डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटतं, आणि जास्त गेनने पिकचा आघात पुसला जातो. मोफत न्यूरल अँप मॉडेलर वापरत असाल तर डीआय किती जोरात आत जातो यावरच गेन ठरतो हे ध्यानात असू द्या. नॉब न हलवता आवाज बदलला तर इनपुट बघा.

अँपनंतर लो-पास १० किलोहर्ट्झच्या आसपास. ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये एक-दोन शिट्ट्या सापडतील. अरुंद क्यू, ४ ते ६ डीबी खाली, बस. दहा-बारा शिट्ट्या कापायची वेळ आली तर आयआर बदला. ४०० ते ८०० हर्ट्झ खोदून काढायचा जुना शौक इथे अंगाशी येतो, कारण गिटारने तो भाग सोडला की सिंथ तो लगेच भरतो आणि मग गिटार ‘मागे गेली’ अशी तक्रार येते.

पाम म्यूटमध्ये १०० ते २५० हर्ट्झ फुगतात. ते ईक्यूने कापले तर उघड्या कॉर्ड उपाशी राहतात. म्हणून त्या एकाच पट्टीवर मल्टिबँड कंप्रेसर ठेवतात. थ्रेशोल्ड असा की उघड्या कॉर्डला सुई हलत नाही आणि म्यूटला ३ ते ५ डीबी दाबली जाते. अटॅक १५ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे धप्प्याचं टोक सुटतं आणि मागचा घुमारा दबतो.

गेटबद्दल (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या साधनाबद्दल) एक गोष्ट. थांबत-थांबत वाजणाऱ्या रिफमध्ये गेट अँपच्या नंतर ठेवा, पण त्याची चावी (त्याची उघडझाप ठरवणारा सिग्नल) स्वच्छ डीआयवरून द्या. डिस्टॉर्शन झालेल्या सिग्नलमध्ये नोट आणि शिरशिर यांच्या उंचीत फरकच उरत नाही, त्यामुळे गेट गोंधळतो. डीआयमध्ये तो फरक लख्ख असतो. त्याच थांब्यावर सिंथचा रिलीजही शून्यावर आणा. गिटार थांबली आणि मागे पॅडची शेपटी रेंगाळली तर त्या शांततेचा ठोसा गेला.

दोन किक, दोन वागणुका

सब ३३ ते ४९ मध्ये बसवला, तर किकचा गाभा ५५-६० ला येतो, म्हणजे सबच्या वर. ‘किक खाली, बेस वर’ हा प्रचलित सल्ला ड्रॉप सीमध्ये उलटा होतो.

१४० बीपीएमला एक मात्रा ४२९ मिलिसेकंदांची. इलेक्ट्रॉनिक भागात किक दर मात्रेला पडते, तिला २०० मिलिसेकंदांची शेपटी परवडते. किक पडली की साइडचेनने (एका आवाजाच्या ठोक्यावर दुसरा खाली घेऊन) सब ३ ते ५ मिलिसेकंदांत पूर्ण खाली, साधारण १२० पर्यंत खाली, २०० पर्यंत परत वर. बेस गिटारचा खालचा ट्रॅक ३-४ डीबीच खाली. खरखरीचा ट्रॅक आणि गिटारी जागच्या हलवायच्या नाहीत. गिटारी पंप व्हायला लागल्या की मेटल संपलं.

मग डबल बेसचा (दोन पायांनी भराभर वाजणाऱ्या किकचा) भाग येतो. सोळावी नोट १०७ मिलिसेकंदांना. वरचाच साइडचेन तसाच चालू राहिला तर सब वर यायच्या आत पुढची किक त्याला खाली ढकलते, आणि पूर्ण आठ बार सब गायब. गाणं सर्वांत जड व्हायला हवं तिथेच सर्वांत हलकं होतं. तिथे किक वेगळी हवी, ७०-८० मिलिसेकंदांत संपणारी, ४-५ किलोहर्ट्झला टकटक असलेली. साइडचेनसाठी एक मूक मिडी ट्रॅक करा आणि त्यावर फक्त मुख्य मात्रांचे ठोके ठेवा. सब त्यालाच मान देईल, बाकीच्या ठोक्यांना नाही.

साइडचेन कंप्रेसरने करत असाल तर रिलीज फार छोटा ठेवू नका. ३२.७ हर्ट्झचं एक आवर्तन ३० मिलिसेकंदांचं असतं. रिलीज २० ठेवला की कंप्रेसर किकच्याऐवजी लाटेच्याच चढउताराच्या मागे धावतो आणि साइन घोगरी होते. व्हॉल्यूम शेपर धाटणीचं प्लगइन, किंवा सरळ हाताने काढलेलं ऑटोमेशन, या कामाला जास्त भरवशाचं.

इथेच गोव्याचा विषय निघतो. नव्वदच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून वर आलेल्या गोवा ट्रान्सचा आणि पुढे सायट्रान्सचा तो घोडदौडी बेस, एक किक आणि मागे तीन बेस, मेटलच्या गॅलप रिफबरोबर मस्त जातो. पण तो सी१ वर लिहू नका. १०७ मिलिसेकंदांच्या नोटमध्ये ३२.७ हर्ट्झची जेमतेम साडेतीन आवर्तनं मावतात. कानाला तो सूर वाटत नाही, नुसता धक्का वाटतो. म्हणून असे बेस बहुधा ई ते जी, म्हणजे ४१ ते ४९ हर्ट्झमध्ये ठेवतात. तुमची रिफ सीमध्येच असेल तर बेस सरळ सी२ वर न्या आणि त्या भागापुरता सब बंद करा.

सुपरसॉ आणि गिटारी

सॉ वेव्हमध्ये सगळे हार्मोनिक असतात. डिस्टॉर्शन झालेल्या गिटारमध्येही तसेच. दोघं ३०० पासून ५ किलोहर्ट्झपर्यंत सगळीकडे, दोघं कडेला पसरलेले. ऐकणाऱ्याला गिटारही कळत नाही आणि सिंथही. ईक्यूने हा वाद फारसा सुटत नाही, तो आधी लिहिण्यात सुटतो. गिटार पॉवर कॉर्ड वाजवत असेल तर सिंथ सी४ (२६१.६ हर्ट्झ) च्या वर न्या, ३५० ला हाय-पास, आणि रुंदी निम्मी करून मध्याकडे आणा. कडा गिटारींच्या. ड्रॉपमध्ये (गाण्याच्या सर्वांत जोरदार भागात) उलट हवं असेल तर तेवढ्या बारांत गिटारी ६०-७० टक्क्यांवर आत घ्या आणि कडा सिंथला द्या. एवढं करूनही आघात दबत असेल तरच सिंथवर डायनॅमिक ईक्यू ठेवा: १ ते ३ किलोहर्ट्झ, चावी गिटार बसवरून, २-३ डीबी.

शुद्ध की कोमल गंधार, हे सिंथकडे सोपवा. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतो, सिंथने तो दिला की कॉर्ड पूर्ण होते. अट एकच: गिटार आणि सिंथ एकाच सॅच्युरेशनमधून जाता कामा नयेत. वेगवेगळे खराब झालेले दोन आवाज छान मिसळतात, पण एकत्र खराब केले की गंधार आणि पंचमाच्या बेरजा-वजाबाक्या तयार होतात आणि सगळ्याचा चिखल होतो. ‘ग्लू’साठी म्हणून म्युझिक बसवर ठेवलेलं टेप प्लगइन नकळत हेच करत असतं.

खोली खोटं बोलते

आपल्याकडे घरातला स्टुडिओ म्हणजे बहुधा १० बाय १० ची बेडरूम, काँक्रीटच्या भिंती आणि साडेनऊ-दहा फुटांवर स्लॅब. ३.०५ मीटर लांबीत पहिला अनुनाद ५६ हर्ट्झला येतो. रुंदी तेवढीच, म्हणून तिथूनही ५६. उंचीचा ५६ ते ५९. तिन्ही एकाच जागी. भिंतीला टेकून ऐकलं तर ५६ घुमतो, खोलीच्या मधोमध बसलं तर तोच गायब. आणि आपल्या किकचा गाभा नेमका तिथे. मागच्या भिंतीला टेकून बसणारा किक कापून टाकतो, मध्ये बसणारा ती फुगवतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मधोमध आणि भिंतीलगत या दोन्ही जागा टाळा. समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर कान आले तर बरं. जाड बेस ट्रॅप (खालचा घुमारा शोषणारे) नसतील तर ८० च्या खालचे निर्णय हेडफोन आणि स्पेक्ट्रम अनालायझरवर घ्या. व्होक्सेंगोचा स्पॅन मोफत आहे, पण त्याचा ब्लॉक साइज १६३८४ वर न्या. ४०९६ वर ४८ किलोहर्ट्झला एक पायरी जवळजवळ १२ हर्ट्झची होते, आणि तेवढ्यात सी१ आणि एफ१ मधलं ११ हर्ट्झचं अंतरच हरवतं.

लेव्हल लावताना आधी ड्रम, मग सब आणि बेस, आणि गिटारी सर्वांत शेवटी शून्यापासून वर आणा. बेसचा स्वतःचा आवाज दिसेनासा होऊन तो गिटारचाच भाग वाटायला लागतो त्या क्षणी थांबा. मग बेस म्यूट करा. गिटारी कोसळल्या पाहिजेत. मग गिटारी म्यूट करा. एकटा बेस कुरूप, खरखरीत वाटला पाहिजे. तो एकटाच गोड वाटत असेल तर खरखर अजून कमी आहे.

गाणं स्टेजवर जाणार असेल तर बॅकिंग ट्रॅक काढताना सब बाकी सिंथमध्ये मिसळून देऊ नका. चार आउटपुटचा इंटरफेस घ्या: १ वर सिंथ मोनो, २ वर सब मोनो, ३ वर ड्रमरच्या कानात जाणारा क्लिक. रेकॉर्डिंगमधला ५५ चा हाय-पास स्टेजवरच्या बेसवादकाच्या अँपवर नसतो. त्याचा पूर्ण बेस आणि लॅपटॉपचा सब हॉलमध्ये पहिल्यांदाच समोरासमोर येतात, आणि साउंड इंजिनिअरला त्यातला एक खाली घ्यावाच लागतो. त्याच्याकडे सबचा वेगळा फेडर नसेल तर तो सगळे सिंथ खाली घेईल.